बर्मिंगहॅमचा शुक्रवार, तिहारचा शनिवार

पुण्यात एरंडवण्याकडून मुठा ओलांडून दत्तवाडी आणि नव्या पेठेकडे जाणारा पूल ‘म्हात्रे पूल’ म्हणून ओळखला जातो. रोज हजारो लोकांच्या तोंडी हे नाव असते. पण हे म्हात्रे कोण, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील. कोणी जुने नगरसेवक असतील, अशी बहुतेकांची समजूत असते. रवींद्र म्हात्रे हे परराष्ट्र खात्यातले अधिकारी होते. 1984 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहरात त्यांना ओलीस धरण्यात आले आणि दोन दिवसांत त्यांचा खून झाला. त्या खुनानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक फाशी झाली. या दोन मृत्यूंचे पडसाद काश्मीरमध्ये पुढे कितीतरी वर्षे उमटत राहिले.

3 फेब्रुवारी 1984, शुक्रवार. अठ्ठेचाळीस वर्षांचे म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीतले काम आटोपून बसने घरी निघाले होते. मुलीचा वाढदिवस होता, हातात तिच्यासाठी घेतलेला केक होता. बार्टली ग्रीन भागात घराजवळ ते बसमधून उतरले, आणि तिथेच काही जणांनी त्यांना गाडीत कोंबून पळवले. सोबत अंगरक्षक नव्हता, सरकारी मोटार नव्हती. बर्मिंगहॅमची कचेरी म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि तिथल्या भारतीयांची कागदपत्रे यांचा कारभार. अशा ठिकाणच्या माणसाच्या जिवावर कोणी उठेल, असे ना दिल्लीला वाटले होते, ना लंडनला.

‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ या नावाने अपहरणकर्त्यांचे पत्र आले. मागण्या दोन होत्या: दहा लाख पौंडांची खंडणी, आणि तिहारमध्ये मृत्युदंडाची वाट पाहत असलेला मकबूल भट व त्याचे साथीदार यांची सुटका.

मकबूल भट 1938 साली कुपवाडा जिल्ह्यातल्या त्रेहगाम गावी जन्मला. 1958 मध्ये तो सीमा ओलांडून पाकिस्तानात गेला, पेशावरला शिकला, पत्रकारितेत रमला. जम्मू-काश्मीर भारताचेही नको आणि पाकिस्तानचेही नको, ते स्वतंत्र राष्ट्र व्हावे, हा त्याचा आग्रह होता. अल्जीरियातल्या लढ्याचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून त्याने अमानुल्ला खान आणि इतरांसह एक सशस्त्र संघटना उभी केली आणि 1966 मध्ये तो गुपचूप काश्मीरमध्ये परतला. काही महिन्यांतच चकमक झाली. गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी अमर चंद त्या प्रकरणात मारले गेले आणि भट पकडला गेला. 1968 मध्ये श्रीनगरचे सत्र न्यायाधीश नीलकंठ गंजू यांनी त्याला फाशीची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरात भट दोन साथीदारांसह तुरुंगातून भुयार खणून पळाला आणि बर्फातून वाट काढत पाकव्याप्त काश्मीरमध्ये पोहोचला. तिथेही त्याचे स्वागत झाले ते तुरुंगातच. हा भारताचा हेर असावा, असा पाकिस्तानी यंत्रणांना संशय होता.

माणसे पणाला लावून कैदी सोडवण्याचा मार्ग भटच्या गटाने बर्मिंगहॅमच्या तेरा वर्षे आधीच अवलंबला होता. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान हाशिम कुरेशी आणि अश्रफ कुरेशी या दोघांनी लाहोरला पळवले. मागणी होती तुरुंगातल्या सहकाऱ्यांच्या सुटकेची. भटने या कृत्याची जबाबदारी घेतली. झुल्फिकार अली भुट्टो विमानतळावर जाऊन अपहरणकर्त्यांना भेटले. प्रवासी सुखरूप परतले, विमान मात्र जाळण्यात आले. भारताने कैदी सोडले नाहीत, उलट पाकिस्तानी विमानांना आपल्या हवाई हद्दीतून उडण्यास बंदी केली. पूर्व पाकिस्तानात सैन्य न्यायचे तर पाकिस्तानला श्रीलंकेमार्गे वळसा घालावा लागू लागला आणि वर्षअखेरच्या युद्धात ही बंदी भारताच्या पथ्यावर पडली. मग पाकिस्तानने अपहरणकर्त्यांसह भटवरही खटला भरला. कालपर्यंतचे वीर आता भारताचे हस्तक ठरले होते.

1976 मध्ये भट पुन्हा भारतीय काश्मीरमध्ये आला. लंगेट इथे बँकेवर दरोडा पडला, त्यात बँकेचा व्यवस्थापक मारला गेला आणि भट पकडला गेला. 1968 ची शिक्षा रद्द झालेली नव्हती. तिच्या अंमलबजावणीची वाट पाहत तो तिहारमध्ये राहिला. दयेचा अर्ज राष्ट्रपतींपुढे होता. एकामागून एक वर्षे गेली, सरकारे बदलली, पण अर्जावर ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. या रेंगाळण्यातच पुढच्या अनर्थाचे बीज होते. निकाल न लागलेला असा कैदी बाहेरच्या साथीदारांच्या दृष्टीने सोडवता येण्याजोगा असतो, आणि त्याच्या बदल्यात कोणाला धरायचे, एवढाच प्रश्न उरतो.

हे सगळे काश्मीरमध्ये घडत असताना अपहरण बर्मिंगहॅमला का झाले? त्याचे उत्तर झेलम नदीवरच्या एका धरणात आहे. पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागात 1960 च्या दशकात मंगला धरण बांधले गेले. जुने मीरपूर शहर आणि शेकडो गावे पाण्याखाली गेली, सुमारे 1 लाख लोक विस्थापित झाले. ब्रिटनच्या कारखान्यांना तेव्हा कामगार हवे होते. मीरपुरी माणसे मोठ्या संख्येने बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड या शहरांत आली आणि तिथेच रुजली. त्यांतले बहुतेक गिरणी-कारखान्यांत राबणारे, चार पैसे गावी पाठवणारे साधे लोक होते. पण घर बुडालेल्या समाजाच्या मनात गावाच्या राजकारणाची ओढ खोल असते. त्या ओढीवर संघटना उभी करणे अवघड नव्हते. 1977 मध्ये अमानुल्ला खान यांनी बर्मिंगहॅममध्येच जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट स्थापन केली. ब्रिटनमध्ये सभा घ्यायला, वर्गणी गोळा करायला, पत्रके छापायला मोकळीक होती. मुत्सद्द्याला पळवून कैदी मागणाऱ्या टोळीने ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ असे नाव घेतले असले, तरी तिची माणसे याच वर्तुळातली होती.

पद्धतही नवी नव्हती. 1969 मध्ये ब्राझीलमधल्या क्रांतिकारकांनी अमेरिकेचे राजदूत चार्ल्स एल्ब्रिक यांना पळवले, तेव्हा तिथल्या लष्करी राजवटीने 15 कैदी सोडून त्यांना परत मिळवले. ही बातमी जगभरच्या भूमिगत गटांनी वाचली. पुढच्याच वर्षी ग्वातेमालात पश्चिम जर्मनीचे राजदूत कार्ल फॉन श्प्रेटी पळवले गेले. तिथल्या सरकारने कैदी सोडायला नकार दिला आणि राजदूतांचा खून झाला. 1973 च्या मार्चमध्ये सुदानच्या खार्तूममध्ये दोन अमेरिकी आणि एक बेल्जियन मुत्सद्दी असेच मारले गेले. 1979 च्या नोव्हेंबरात तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला गेला, तेव्हा 52 जण 444 दिवस ओलीस राहिले आणि अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द त्यात झाकोळली. मुत्सद्द्याचे शरीर अवध्य आहे आणि त्याचे रक्षण करणे यजमान देशाचे कर्तव्य आहे, हे 1961 च्या व्हिएन्ना करारात लिहिलेले होते. अशा हल्लेखोरांना शिक्षा करण्यासाठी 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वेगळा करारही केला. पण करारावर सह्या करणारी सरकारे असतात, आणि केक हातात घेऊन बसमधून उतरणारा माणूस एकटा असतो.

म्हात्रे यांच्या बाबतीत बोलणी अशी झालीच नाहीत. भारताने कैदी सोडायला नकार दिला, ब्रिटिश पोलिसांनी शहर पिंजून काढायला सुरुवात केली. तेहरानसारखे महिने तर सोडाच, एक आठवडाही मिळाला नाही. म्हात्रे यांना अॅलम रॉक भागातल्या एका घरात कोंडले होते. दोनच दिवसांत त्यांना बर्मिंगहॅमबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. लेस्टरशरमध्ये हिंक्ली गावाजवळ एका शेतवाटेवर त्यांचा मृतदेह सापडला. राज्यकर्त्यांशी, लष्कराशी, भटच्या खटल्याशी या माणसाचा काडीचाही संबंध नव्हता. भारताचा पगार घेत होते, एवढाच त्यांचा दोष.

कैदी सोडायला दिलेला नकार योग्य होता, असे मी ठामपणे मानतो. दोन दिवसांत कोणत्याही लोकशाही सरकारने दुसरे काही केले नसते आणि करूही नये. सुटका झाली असती, तर जगातली प्रत्येक भारतीय कचेरी, प्रत्येक मुत्सद्दी, प्रत्येक लिपिक पुढच्या टोळीचे सावज बनला असता. म्हात्रे यांच्या कुटुंबाने या नकाराची किंमत मोजली. देशाने निदान तिची जाणीव ठेवायला हवी होती.

पुढे जे झाले, त्याबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. मृतदेह सापडताच दिल्लीत हालचालींना विलक्षण वेग आला. वर्षानुवर्षे पडून असलेला दयेचा अर्ज काही दिवसांत फेटाळला गेला. अखेरच्या घटकेला वकिलांनी न्यायालयात केलेली धावपळ व्यर्थ ठरली. 11 फेब्रुवारी 1984, शनिवारी सकाळी मकबूल भटला तिहारमध्ये फाशी दिली गेली. मृतदेह कुटुंबाला मिळाला नाही, त्याला तुरुंगाच्या आवारातच पुरण्यात आले. बर्मिंगहॅमच्या शुक्रवारपासून तिहारचा शनिवार आठच दिवसांवर होता.

भटला शिक्षा न्यायालयाने दिली होती आणि ती ज्या गुन्ह्यासाठी दिली होती, तो म्हात्रे यांच्या खुनाच्या अठरा वर्षे आधीचा होता. पाहणाऱ्यांना मात्र दिसले ते असे, की इकडे एक माणूस मारला आणि तिकडे सरकारने एक मारला. कायद्याने दिलेली शिक्षा सुडासारखी दिसू लागली. ती 1979 मध्ये झाली असती किंवा 1985 मध्ये, तर ती न्यायालयाची शिक्षा राहिली असती. 1984 च्या त्या आठवड्यात तिचा मुहूर्त बर्मिंगहॅमच्या खुन्यांनी ठरवला. त्यांच्या मागणीपुढे सरकार झुकले नाही, पण त्यांच्या घड्याळापुढे झुकले.

ब्रिटनमध्ये तपास झाला. 1985 मध्ये मोहम्मद रियाझ आणि अब्दुल कय्यूम राजा यांना दोषी ठरवून दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली. आणखी एक आरोपी अस्लम मिर्झा अमेरिकेत होता. तब्बल दोन दशकांनी त्याला ब्रिटनच्या स्वाधीन करण्यात आले आणि त्यालाही शिक्षा झाली. कटाचा सूत्रधार म्हणून भारताने अमानुल्ला खान यांच्याकडे बोट दाखवले, ते मात्र शेवटपर्यंत इन्कार करत राहिले. या खुनासाठी त्यांच्यावर ब्रिटनमध्ये खटला चालला नाही. 1985 मध्ये स्फोटकांशी संबंधित आरोपाखाली त्यांना अटक झाली, त्यातून ते सुटले आणि 1986 च्या अखेरीस ब्रिटनने त्यांना पाकिस्तानात धाडून दिले. भारताच्या दृष्टीने हे अर्धेच समाधान होते. आपल्या भूमीवरून चालणाऱ्या फुटीरतावादी कारवायांकडे ब्रिटन डोळेझाक करतो, ही तक्रार खलिस्तानी गटांमुळे आधीच तीव्र होती, म्हात्रे प्रकरणाने ती आणखी धारदार झाली. दोन्ही देशांत प्रत्यार्पणाचा करार व्हायला 1992 साल उजाडले.

खरे परिणाम काश्मीरमध्ये झाले, पण तेही लगेच नव्हे. फाशीनंतर खोरे पेटले, असे मागाहून सांगितले जाते, ते बरोबर नाही. 1984 च्या फेब्रुवारीत निदर्शने झाली आणि विरली. भटच्या हयातीत खोऱ्यात त्याला मोठा पाठिंबा नव्हता. शेख अब्दुल्लांच्या काश्मीरमध्ये बंदुकीची भाषा बोलणारा हा माणूस बहुतेकांना परका होता. त्या वेळी मुख्यमंत्री असलेल्या फारूक अब्दुल्लांचे सरकार त्याच वर्षी जुलैत आमदार फोडून पाडले गेले. मग 1987 ची विधानसभा निवडणूक आली. मतमोजणीत उघड गैरप्रकार झाले, मुस्लिम युनायटेड फ्रंटच्या कार्यकर्त्यांना मारहाण आणि अटक झाली. मतपेटीवरचा विश्वास उडालेली ती पोरे सीमेपलीकडे गेली आणि बंदुका घेऊन परतली. त्यांना एक पूर्वज हवा होता. तो दिल्लीने तिहारमध्ये तयार करून ठेवला होता. जिवंतपणी ज्याला दोन्ही देशांनी नाकारले, तो मेल्यावर अशफाक मजीद वाणी आणि यासीन मलिक यांच्यासारख्या बंदूकधारी तरुणांच्या पिढीचा हुतात्मा झाला. श्रीनगरच्या ईदगाह दफनभूमीत त्याच्यासाठी एक रिकामी कबर राखून ठेवली गेली आणि 11 फेब्रुवारी हा बंदचा दिवस ठरला.

या हुतात्म्याच्या नावाने पहिला हिशेब चुकता केला गेला तो एका वृद्धाशी. 4 नोव्हेंबर 1989 रोजी श्रीनगरच्या हरिसिंग स्ट्रीटवर निवृत्त न्यायाधीश नीलकंठ गंजू यांना भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या. एकवीस वर्षांपूर्वी पुरावा तपासून निकाल दिला, हाच त्यांचा अपराध. त्याआधी सप्टेंबरात काश्मिरी पंडितांचे नेते टिकालाल टपलू मारले गेले होते. काश्मिरी पंडितांना जो संदेश पोहोचायचा तो पोहोचला, आणि 1990 च्या जानेवारीपासून त्यांची घरे ओस पडू लागली. गंजू यांच्या खुनाच्या तपासासाठी 2023 मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, जम्मू-काश्मीरच्या तपास यंत्रणेने लोकांना माहिती देण्याचे आवाहन केले. न्यायाधीशाच्या खुनाचा तपास इतका रखडावा, यातच सारे आले.

आणि मग 8 डिसेंबर 1989. केंद्रात व्ही. पी. सिंग यांचे सरकार येऊन आठवडाही झाला नव्हता. गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांची डॉक्टरकी शिकणारी मुलगी रुबैया हिला श्रीनगरमध्ये पळवण्यात आले. पळवणारी संघटना तीच, जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट. मागणीही तीच, तुरुंगातले साथीदार सोडा. पुन्हा मुख्यमंत्री झालेले फारूक अब्दुल्ला सुटकेच्या विरोधात होते. अपहरणकर्त्यांविरुद्ध खोऱ्यातही सूर उमटत होते, एका अविवाहित मुलीला ओलीस धरणे अनेकांना रुचले नव्हते. पण दिल्लीला धीर धरवला नाही. 13 डिसेंबरला पाच अतिरेकी सोडण्यात आले, रुबैया घरी परतली आणि श्रीनगरच्या रस्त्यांवर विजयाच्या मिरवणुका निघाल्या.

म्हात्रे आणि रुबैया ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली, की मन विषण्ण होते. मुलगी वाचली याचा आनंद कोणालाही होईल. पण बसने घरी जाणाऱ्या अधिकाऱ्यासाठी राज्याचे जे तत्त्व अढळ होते, ते गृहमंत्र्यांच्या घरापर्यंत येताच वितळले. पुढचे दुर्दैव 1990 च्या एप्रिलमध्ये घडले. काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर-उल-हक, त्यांचे सचिव अब्दुल गनी आणि एचएमटीचे महाव्यवस्थापक एच. एल. खेरा यांना पळवले गेले. या वेळी सरकार ठाम राहिले, आणि तिघेही मारले गेले. डिसेंबरच्या नरमाईने पळवणाऱ्यांची भूक वाढवली होती आणि एप्रिलच्या कठोरपणाची किंमत एका प्राध्यापकाने, एका कारकुनी पेशाच्या माणसाने आणि एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने मोजली.

ही साखळी 1999 च्या डिसेंबरात अफगाणिस्तानातल्या कंदाहारला पोहोचली. काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी 814 हे विमान पळवून तिथे नेले गेले आणि प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर हे तुरुंगातले अतिरेकी सोडावे लागले. यांतला उमर शेख लंडनमध्ये वाढलेला, तिथल्या नामवंत संस्थेत शिकलेला. 1994 मध्ये दिल्लीत परदेशी पर्यटकांना पळवल्याबद्दल तो तुरुंगात गेला होता. दीडशेहून अधिक प्रवासी मृत्यूच्या दारात असताना सरकारपुढे सोपा मार्ग नव्हता, हे मान्य करावे लागते. पण निकाल न लावता वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेला कैदी हाच पुढच्या ओलिसांचे कारण ठरतो, हा बर्मिंगहॅमने पंधरा वर्षांपूर्वी शिकवलेला धडा मसूद अझहरच्या बाबतीतही कोणी मनावर घेतला नव्हता.

भटच्या फाशीतूनही दिल्ली शिकली नाही. संसदेवरील हल्ल्याच्या प्रकरणात 9 फेब्रुवारी 2013 रोजी अफझल गुरूला तिहारमध्येच फाशी झाली, तेव्हाही दयेचा अर्ज वर्षानुवर्षे रखडून एकाएकी निकालात निघाला. घरच्यांना शेवटची भेट मिळाली नाही, मृतदेह तुरुंगातच पुरला गेला. ईदगाहमध्ये आणखी एका रिकाम्या कबरीची मागणी पुढे आली. रुबैया प्रकरणाचा खटला तर इतका लांबला, की आरोपी यासीन मलिकला न्यायालयात ओळखायला ती 2022 मध्ये उभी राहिली.

ओलीस-प्रकरणात सरकारची परीक्षा त्या दोन-चार दिवसांत होते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांत होते. खटले वेळेवर संपवणे, दयेच्या अर्जावर वेळेत निर्णय घेणे, निवडणूक निर्मळ ठेवणे, परदेशात पाठवलेल्या कनिष्ठातल्या कनिष्ठ माणसाच्या रक्षणाची व्यवस्था करणे, ही कामे नीट झाली तर ओलीस धरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ती झाली नाहीत, तर कणखर नकार आणि शरणागती या दोन्हींची किंमत निरपराध माणसेच मोजतात. 1984 मध्ये दिल्लीने नकार देण्याचे धैर्य दाखवले, पण त्यानंतर थांबण्याचे धैर्य तिच्याकडे नव्हते.

मकबूल भटची पुण्यतिथी काश्मीरमध्ये पाळली गेली, त्याच्यावर पुस्तके निघाली, त्याच्या नावाने बंद झाले. रवींद्र म्हात्रे यांच्या वाट्याला एक पूल आला, आणि तोही कोणाचा हे सांगणारे मोजकेच उरले. महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात, परराष्ट्र सेवेची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांच्या अभ्यासात म्हात्रे यांची हकीकत असायला हवी. सैनिकाच्या बलिदानाची आठवण आपण ठेवतो, ते योग्यच आहे. देशाच्या कचेरीत बसून पासपोर्टवर शिक्के मारणारा माणूसही देशासाठी मरतो, हेही मराठी माणसाने आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.